रविवार कोणाचा?

बँकेतील दीर्घ नोकरीत मी असंख्य बैठकांना बसलो. मोठमोठे कर्जप्रस्ताव तासाभरात निकाली निघालेले पाहिले. निवृत्तीनंतर मात्र एका अगदी साध्या प्रश्नावर सलग तीन बैठका झडल्या आणि तरीही निर्णय होईना, असा अनुभव आला. आमच्या शहरात सकाळी फिरावयास जाणाऱ्या मंडळींनी एक अर्धमॅरेथॉन भरवायचे ठरवले. हिशेब ठेवणारा माणूस हवा म्हणून खजिनदारपद माझ्याकडे आले. मार्ग ठरला, वर्गणी ठरली, अल्पोपाहारही ठरला. अडले ते एकाच गोष्टीवर : धावायचे कोणत्या वारी?

मी पहिल्याच बैठकीत म्हणालो, "यात चर्चा कसली? रविवार!" पण समोर बसलेले व्यापारी गृहस्थ म्हणाले, "रविवारी आपला आठवडी बाजार. पहाटे चारपासून भाजीचे टेम्पो याच रस्त्याने येतात. ते कुठे वळवणार?" निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "स्पर्धा परीक्षा बहुधा रविवारीच असतात. आपल्या मार्गावर दोन परीक्षा केंद्रे आहेत." कोणी शनिवार सुचवला, तर तरुण मुलांनी हात वर केले. त्यांच्या कंपन्यांना शनिवारी सुट्टी असते, पण दुकानात, कारखान्यात आणि शाळेत काम करणाऱ्यांना नसते. मीच एकदा दुसऱ्या शनिवारचे नाव काढले आणि सारे हसले. बँकांना दुसऱ्या व चौथ्या शनिवारची सुट्टी सप्टेंबर २०१५ पासून मिळाली. त्याआधी आम्हीही शनिवारी दुपारपर्यंत काउंटरवरच असायचो. बँकवाल्याची सुट्टी म्हणजे गावाची सुट्टी नव्हे, हे मला त्या हसण्याने कळले.

घरी येऊन मी वाचन सुरू केले. जगातील इतर शहरांनी हा प्रश्न कसा सोडवला, हे पाहावे, एवढाच हेतू होता. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. कारण आज महाराष्ट्रात लहानमोठ्या गावांतूनही अशा धावण्याच्या स्पर्धा भरू लागल्या आहेत आणि वाराचा प्रश्न प्रत्येक गावापुढे येणार आहे.

शुक्रवारपासून सोमवारपर्यंत

आधुनिक काळातील पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन १० एप्रिल १८९६ रोजी मॅरेथॉन गाव ते अथेन्स अशी धावली गेली. तो वार शुक्रवार होता. ग्रीसचा स्पायरिडॉन लुई ती जिंकला. म्हणजे मॅरेथॉन आणि रविवार यांचे नाते जन्मजात नाही.

त्यानंतर वर्षभरानेच, १९ एप्रिल १८९७ रोजी, अमेरिकेत बोस्टन मॅरेथॉन सुरू झाली. १७७५ साली त्याच तारखेला लेक्सिंग्टन व काँकर्ड येथे अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाची पहिली चकमक झाली होती. तिच्या स्मरणार्थ मॅसॅच्युसेट्स राज्यात सुट्टी असते आणि त्या सुट्टीच्या दिवशीच शर्यत, अशी प्रथा पडली. १९६९ साली ती सुट्टी एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी नेण्यात आली, तेव्हा शर्यतही तिच्यामागून सोमवारी गेली. आजही जगातील ही सर्वांत जुनी वार्षिक मॅरेथॉन सोमवारी होते. तेथे वार निवडण्याचा प्रश्नच आला नाही. शहराने आधी आपला सण निवडला आणि शर्यत त्या सणाचा भाग झाली.

उलट दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्स शर्यत पाहा. डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या दोन शहरांमधील ही सुमारे नव्वद किलोमीटरची शर्यत २४ मे १९२१ रोजी, साम्राज्यदिनी, सुरू झाली. पुढे ती ३१ मे या प्रजासत्ताकदिनी होऊ लागली. वर्णद्वेषी राजवट संपल्यावर ती सुट्टीच रद्द झाली, म्हणून १९९५ पासून शर्यत १६ जूनला, युवादिनी, गेली. पण १६ जून हा १९७६ च्या सोवेटो येथील विद्यार्थ्यांच्या बलिदानाचा स्मृतिदिन. शर्यतीच्या जल्लोषात त्या स्मृतीवरून लोकांचे लक्ष उडते, असा आक्षेप आला आणि २००७ पासून शर्यत रविवारी हलवण्यात आली. एका शर्यतीच्या तारखांमध्ये एका देशाचा शंभर वर्षांचा इतिहास असा नोंदला गेला आहे.

आयर्लंड बेटावरील दोन शहरांचा अनुभव आपल्याला अधिक उपयोगी आहे. डब्लिनची मॅरेथॉन १९८० साली सुरू झाली आणि अनेक वर्षे ऑक्टोबरअखेरच्या सुट्टीच्या सोमवारी होत राहिली. २०१६ पासून ती त्याच सुट्टीला जोडून येणाऱ्या रविवारी होते. यातील व्यवहार स्पष्ट आहे : रविवारी धावावे, सोमवारी पाय चोळत विश्रांती घ्यावी, परगावच्यांनी निवांत घरी परतावे. बेलफास्टची मॅरेथॉनही मे महिन्यातील सुट्टीच्या सोमवारी होत असे. २०१९ साली तीही रविवारी आली. तेथे मात्र मार्गावरील काही चर्चनी चिंता व्यक्त केली. रविवारची सकाळ ही त्यांची उपासनेची वेळ; रस्तेच बंद झाले, तर वृद्ध भाविकांनी यायचे कसे? (त्या वर्षी आणखी एक गंमत झाली. पुढे चालणारी मोटार चुकीच्या वळणावर गेली आणि साऱ्या धावपटूंना ठरल्यापेक्षा अधिक अंतर धावावे लागले. आयोजकांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. नव्या आयोजकांनी वाराबरोबर वळणांचीही काळजी घ्यावी, इतकाच यातील बोध.)

उपासनेचा वार

बेलफास्टच्या चर्चची तक्रार वाचताना एरिक लिडेल या धावपटूची आठवण होणे अपरिहार्य होते. चीनमध्ये जन्मलेला हा स्कॉटिश धर्मोपदेशकाचा मुलगा १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची शर्यत धावला नाही; कारण तिची प्राथमिक फेरी रविवारी होती. त्याऐवजी तो चारशे मीटर धावला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकला. १९८१ साली त्याच्या जीवनावरील 'चॅरियट्स ऑफ फायर' हा चित्रपट आला. त्याच १९८१ साली, २९ मार्च रोजी, पहिली लंडन मॅरेथॉन झाली, आणि तो वार होता रविवार! डिक बियर्डस्ली व इंगे सिमॉन्सन हे दोघे हातात हात घालून पहिले आले. ज्या दिवशी धावणे लिडेलला अशक्य वाटले, तोच दिवस त्याच्या देशातील सर्वांत मोठ्या शर्यतीचा दिवस ठरला. यात कोणाची चूक नाही. वाराचा अर्थ समाजागणिक आणि काळागणिक बदलतो, एवढेच.

जेरुसलेमची मॅरेथॉन २०११ पासून शुक्रवारी होते. तेल अवीवचीही शुक्रवारीच. ज्यू समाजाचा पवित्र विश्रांतिदिन शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होऊन शनिवारी संपतो आणि रविवार तेथे कामाचा दिवस असतो. म्हणून उरतो शुक्रवार सकाळचाच अवकाश. दुबईची मॅरेथॉनही पूर्वी शुक्रवारी होत असे, कारण तेथील साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी होती. जानेवारी २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीने शनिवार-रविवार ही सुट्टी स्वीकारली आणि २०२३ साली दुबईची मॅरेथॉन रविवारी भरली. अमेरिकेतील युटा राज्यात मॉर्मन पंथीयांची संख्या मोठी आहे व ते रविवार पाळतात. तेथील सेंट जॉर्ज मॅरेथॉन शनिवारी होते. एव्हरेस्टच्या पायथ्याशी होणारी मॅरेथॉन तर वार पाहतच नाही. १९५३ साली तेनसिंग व हिलरी यांनी शिखर गाठले ती २९ मे ही तारीखच ती धरून असते.

आपल्या परंपरेत व्रते-उपवास बहुतांशी तिथीशी बांधलेले आहेत. अष्टमी-चतुर्दशी कोणत्याही वारी येऊ शकते, पर्युषणही वार पाहून येत नाही. त्यामुळे आपल्याला एखादा वार नव्हे, तर पंचांग आणि दिनदर्शिका शेजारी ठेवून पाहावे लागते. आमच्या समितीतील कोणाच्याही हे ध्यानात आले नव्हते. पुढे आम्ही ज्या रविवारचा विचार करीत होतो, त्याच दिवशी मार्गावरील एका मंदिराचा वार्षिक उत्सव व मिरवणूक असल्याचे आढळले आणि तो रविवार बाद करावा लागला.

आपला रविवार आला कोठून?

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. ती आता जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ सालची; तिच्याशी डिसेंबरचा पहिला रविवार जोडलेला आहे. या रविवारांमागील कारणे कोणालाही पटतील अशीच आहेत. कचेऱ्या व शाळा बंद, वाहतूक विरळ, स्वयंसेवक मोकळे आणि थंडीचे दिवस. धावपटूंना छातीवरचा क्रमांक आदल्या दोन-तीन दिवसांत घेऊन ठेवता येतो. मुंबईत तर पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचण्यासाठी रेल्वे विशेष लोकल गाड्या सोडते.

परंतु हा रविवार आपल्याला आयता मिळालेला नाही. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना एके काळी साप्ताहिक सुट्टीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी तिच्यासाठी अनेक वर्षे लढा दिला आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्या मागणीमागे होते, असे सांगितले जाते. म्हणजे आपला रविवार हा श्रमणाऱ्या माणसाने मिळवलेला विसाव्याचा दिवस आहे. हे वाचले आणि 'रविवार मोकळाच असतो' हे माझे बैठकीतील वाक्य मलाच बोचू लागले. मोकळा असतो, पण कोणाचा? आणि तो मोकळेपणा वापरण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला?

त्याचे उत्तर तिसऱ्या बैठकीत अनपेक्षितपणे मिळाले. साफसफाईच्या व्यवस्थेसाठी आम्ही एका मुकादमांना बोलावले होते. धावपटूंनी फेकलेले पेले आणि सालपटे कधी उचलली जातील, हे विचारायचे होते. त्यांनी शांतपणे सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, "उचलू की साहेब. पण आमची माणसं आठवड्यातनं एकच दिवस पोराबाळांत असतात. तो दिवस तुम्ही घेतला, तर त्यांना बदली दिवस कोणता देणार?" बैठकीत कोणीच बोलेना. पोलीस शिपाई, रुग्णवाहिकेचे चालक, सफाई कामगार, पाणी पुरवणारे... शर्यतीचा रविवार या साऱ्यांचा कामाचा दिवस असतो. आमच्या अंदाजपत्रकात पदकांसाठी रक्कम होती, फुग्यांसाठी होती. या माणसांच्या गेलेल्या सुट्टीसाठी एक ओळही नव्हती. खजिनदार म्हणून ती चूक माझी होती.

चार मिनिटांची किंमत

आता एक घरची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी असाच एका रविवारी आमच्या भागातील मुख्य रस्ता एका शर्यतीसाठी बंद होता. सकाळी सात वाजता थोरल्या बंधूंच्या छातीत दुखू लागले. गाडी काढली, कोपऱ्यावर आलो, तर समोर दोरी आणि दोरीपलीकडे धावणाऱ्यांचा अखंड ओघ. तेथे उभा असलेला स्वयंसेवक कोवळा मुलगा होता. त्याला दोरी सोडण्याचा अधिकार होता की नाही, हे त्याचे त्यालाच ठाऊक नव्हते. तो फोन लावत राहिला. शेवटी एका पोलिसाने धावणाऱ्यांना थोपवून आम्हाला वाट करून दिली. बंधू वाचले, आज ते ऐंशीच्या घरात आहेत. पण दोरीसमोर थांबलेली ती मिनिटे मी कधीही विसरलो नाही. मागच्या आसनावरून दादा मलाच धीर देत होते, "घाई करू नकोस, कोणाला धक्का लागेल."

ही केवळ आमची दैवगती होती, असे मी समजत होतो. पुढे एक अभ्यास वाचनात आला. हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. अनुपम जेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये तो प्रसिद्ध केला. अमेरिकेतील ११ शहरांत २००२ ते २०१२ या काळात मॅरेथॉनच्या दिवशी हृदयविकाराने रुग्णालयात आलेल्या वृद्ध रुग्णांची नोंद त्यांनी तपासली. तुलना केली ती आधीच्या व नंतरच्या पाच आठवड्यांतील त्याच वाराशी. मॅरेथॉनच्या दिवशी दाखल झालेल्यांपैकी ३० दिवसांत दगावण्याचे प्रमाण २८.२ टक्के होते, तर इतर दिवशी २४.९ टक्के. सकाळच्या वेळात रुग्णवाहिकेला रुग्णालयात पोहोचण्यास सरासरी ४.४ मिनिटे अधिक लागत होती.

हे आकडे मी पुनःपुन्हा वाचले. शंभर रुग्णांमागे तीनहून अधिक जीव. येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. तुलना त्याच वाराशी असल्यामुळे दोष वाराचा ठरत नाही. रविवार असो वा सोमवार, दोष बंद रस्त्याचा आहे. म्हणजे वार निवडला की आयोजकांचे काम संपले, ही समजूतच चुकीची. वार निवडल्याने किती लोकांची गैरसोय होईल हे ठरते. पण त्या गैरसोयीत कोणाचा जीव जाणार नाही ना, हे रस्ता कसा आणि किती वेळ बंद ठेवला, यावर ठरते.

साधा हिशेब

येथे बँकेतील सवय कामी आली. रस्ता किती वेळ बंद राहतो, हे पहिल्या धावपटूवर नव्हे, तर शेवटच्यावर अवलंबून असते. ४२.१९५ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन उत्तम धावपटू सव्वादोन तासांच्या आत संपवतो. पण ताशी सहा किलोमीटरने जाणाऱ्याला सात तास लागतात. अर्धमॅरेथॉनला त्याच गतीने साडेतीन तास. पहाटे साडेपाचला सुरुवात केली, तर शेवटचा माणूस नऊला पोहोचतो. सातला सुरुवात केली, तर साडेदहा वाजतात, बाजार भरलेला असतो आणि ऊनही चढलेले असते. म्हणजे सुरुवात दीड तास अलीकडे आणली, तर रविवारची जवळजवळ सारी सकाळ गावाला परत मिळते.

या हिशेबावर आमचा निर्णय अखेर झाला. वार रविवारच ठरला, पण पुढील अटींवर. स्पर्धा परीक्षांचे वेळापत्रक, लग्नाचे मुहूर्त आणि पंचांग पाहून तारीख घ्यायची. आठवडी बाजाराचा रस्ता मार्गातून वगळायचा, मग मार्ग थोडा कमी देखणा झाला तरी चालेल. शेवटच्या धावपटूमागून एक गाडी चालवायची आणि ती पुढे सरकेल तसतसा मागचा रस्ता खुला करायचा. मार्गावर चार ठिकाणी वाहने ओलांडण्याची फाटके ठेवायची. प्रत्येक ठिकाणी पोलिसाबरोबर एक वडीलधारा स्वयंसेवक आणि त्याला लेखी अधिकार, की रुग्ण दिसला तर कोणालाही न विचारता धावणाऱ्यांना थांबवावे. मार्गावरील प्रत्येक घरी आठ दिवस आधी वेळापत्रकाचे पत्रक द्यायचे. डायलिसिसला जाणारे रुग्ण, गरोदर स्त्रिया असलेली घरे स्वतः जाऊन विचारायची. आणि सफाई कामगारांना त्याच आठवड्यात पगारी बदली सुट्टी. फुग्यांची रक्कम त्या खात्यावर वळवली.

तरुण मुलांपैकी एकाने कुरकुर केली, "काका, धावणाऱ्याला मध्येच थांबवलं तर त्याची वेळ बिघडते." त्याचे म्हणणे खोटे नव्हते, त्याने त्यासाठी महिनोन् महिने सराव केलेला असतो. पण दोन बाजू खऱ्या असल्या, तरी दोन्हींचे वजन सारखेच असते असे नाही. बिघडलेली वेळ पुढच्या वर्षी सुधारता येते.

फाटकावरची सकाळ

शर्यत गेल्या हिवाळ्यात झाली. मला बक्षीस समारंभाच्या व्यासपीठावर बसण्याचा आग्रह झाला. मी तिसऱ्या फाटकावरची जागा मागून घेतली. कोपऱ्यावर एक पोलीस, मी, माझी शिट्टी आणि सवयीप्रमाणे एक वही. साडेपाच ते सव्वाआठपर्यंत त्या फाटकातून किती जण ओलांडले, त्याची नोंद मी ठेवली. चौदा दूधवाले, सहा वृत्तपत्रे टाकणारी मुले, घरकामाला निघालेल्या नऊ स्त्रिया, देवदर्शनाला जाणारी काही वृद्ध मंडळी आणि सात वाजून चाळीस मिनिटांनी एक रिक्षा, जिच्यात एक आजी मुलाच्या खांद्यावर मान टाकून बसल्या होत्या.

मी शिट्टी वाजवली. धावणारे थांबले. कोणी कपाळाला आठ्या घातल्या नाहीत. एका तरुणाने तर पुढे होऊन स्वतःच दोरी उचलून धरली. रिक्षा पलीकडे गेली, दोरी खाली आली, शर्यत पुढे चालू झाली. मी वहीत वेळ लिहिली : थांबा, अंदाजे वीस सेकंद.

सव्वाआठला मागची गाडी आली, तिच्यामागून झाडू घेतलेली मंडळी. मुकादम मला पाहून थांबले. मी विचारले, "बदली सुट्टी कधी घेतलीत?" ते म्हणाले, "बुधवारी. पोरांची शाळा असते, पण असू दे, संध्याकाळी जत्रेला नेतो." बुधवार हा रविवारची पुरती भरपाई नव्हे, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात त्यासाठी काय करता येईल, ते मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहे.